उभं कुंकू

देवळीच्या बसस्थानकासमोरच्या ओळीत, बियाण्यांच्या दुकानाला लागून एक फोटो स्टुडिओ आहे. मालक मुकेशभाऊ. पण भिडीकडून, पुलगावकडून येणारी माणसं दारात उभी राहून विचारायची ते मोहिनीबाई आहेत का म्हणून. त्या नसल्या तर बाकावर बसून राहायची. फोटो मुकेशभाऊ काढत, दिवे तेच लावत, हनुवटी जराशी वर करायलाही तेच सांगत. तरी फोटोत माणूस उतरतो तो मोहिनीबाईंच्या हातानं, अशी त्या भागातली समजूत होती. आमचं घर स्टुडिओच्या मागच्या गल्लीत. मी त्यांना काकू म्हणते.

काकूंचं माहेर हिंगणघाटचं, कापडाचं दुकान असलेलं. मुकेशभाऊंशी लग्न होऊन त्या देवळीत आल्या तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. रंगीत फोटो निघू लागले होते, पण खेड्यातली बरीच माणसं अजून काळा-पांढराच काढून घेत. त्या फोटोत सगळं ठीक असायचं, फक्त कुंकू काळं यायचं. बायकांना ते बघवत नसे. एका बाईनं फोटो हातात घेतला, पाहिला आणि काउंटरवर पालथा ठेवला. काकू मागच्या खोलीच्या दारातून बघत होत्या. बाई गेल्यावर त्यांनी मुकेशभाऊंच्या टेबलावरचा, निगेटिव्हवरचे डाग भरायचा बारीक ब्रश उचलला आणि त्या कपाळावर लाल रंग दिला. करड्या फोटोत तेवढंच एक लाल. दुसऱ्या दिवशी ती बाई फोटो पदराखाली धरून घेऊन गेली, आणि पुढच्या महिन्यात तिच्या गावच्या बायका येऊ लागल्या.

काकूंनी ते काम कधी घाईनं केलं नाही. फोटो काढायच्या आधी प्रत्येक बाईसमोर त्या क्षणभर बसत, पाणी देत, घरचं विचारत. तेवढ्यात कपाळ बघून घेत. कोणाचं कुंकू भुवयांना टेकलेलं, कोणाचं वर चढलेलं, कोणाचं रुपयाएवढं, कोणाचं ज्वारीच्या दाण्याएवढं. पुढे सगळेच फोटो रंगीत झाले, तरी काम सुटलं नाही. खेड्यातल्या बायका कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू बसवतात. फ्लॅश त्या मेणावर चमकला की कुंकवाच्या मधोमध पांढरा डाग पडतो. तो डाग काकू भरत. मग संगणक आला. वर्ध्याला जाऊन त्यांनी क्लास केला, ब्रशऐवजी माउस हाती धरला, पण कुंकवाची कड फिरवायची पद्धत तीच ठेवली. संगणकात गोल ठिपका एका क्लिकमध्ये उमटतो, हे त्यांना माहीत होतं. तो कपाळावर टिकली चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून त्या वापरत नसत. हातानं, डोळ्याच्या अंदाजानं, कड हळूहळू फिरवून गोल करत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात जुना, डब्यासारखा मॉनिटर बंद पडला. मुकेशभाऊंनी नागपूरहून नवा रुंद पडद्याचा आणला. सपाट, काळा, खिडकीसारखा. वर्ध्याचा संगणक-दुरुस्तीवाला प्रफुल येऊन तो जोडून गेला. त्याच सुमारास काकूंना जवळचं दिसेनासं झालं आणि चाळिशीचा चष्मा लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की काही दिवस वस्तू वेगळ्या वाटतील, मग सवय होईल.

नव्या पडद्यावर गिऱ्हाईक खूष होतं. काकूंच्या खुर्चीमागे उभं राहून आपला फोटो बघायची रीतच होती तिथे, आणि जो तो स्वतःला बघून म्हणायचा, तब्येत सुधरली माही. गालफडं बसलेली माणसं त्या पडद्यावर खातीपिती दिसत. खूष नव्हत्या त्या एकट्या काकू. ही माणसं त्यांनी समोर बसवून पाहिलेली होती, आणि पडद्यावरचे चेहरे त्यांना सुजल्यासारखे वाटत. म्हणून त्या प्रत्येक चेहरा बाजूंनी थोडा आत घेत, ओळखीचा वाटेपर्यंत. मोठे फोटो आणि लग्नाचे अल्बम छापायला वर्ध्याच्या लॅबमध्ये जात. तिथून परत आले ते वाळल्या शेंगेसारखे चेहरे घेऊन. एका अल्बमवरून तर नवरदेवाच्या बापानं दारातूनच विचारलं, लग्नाच्या वक्ती सून आजारी होती काय म्हणून.

काकूंनी लॅबवाल्याशी भांडण काढलं. तो शांतपणे म्हणाला, तुम्ही पाठवता तेच आम्ही छापतो. मग त्यांनी चष्म्यावर संशय घेतला. चष्मा काढून पडद्याकडे बघावं तर सगळं पुसट. लावून बघावं तर सगळं पसरट. पुढच्या फोटोंत त्या कधी चेहरा कमी आत घेत, कधी मुळीच नाही, आणि छापून आलेला फोटो हातात घेताना बोटं आवळून धरत. महिनाभरात हाताची खात्री निघून गेली.

एका दुपारी स्टुडिओच्या पायरीवर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. भारनियमन चालू होतं, आत अंधार होता.

"माणूस ओळखू येते मले," त्या म्हणाल्या, "पण मापात येत नाई. डोया गेला माहा."

मी चष्म्याची सवय होईल असं काहीतरी म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. मुकेशभाऊंना त्यांनी सांगून टाकलं होतं की वर्ध्याहून संगणकाचं काम करणारा एखादा मुलगा बघा, मी काउंटर सांभाळीन. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. म्हणून मला ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात भिडीजवळच्या एका खेड्यातून भागीरथाबाई आल्या. सोबत त्यांचे नत्थूजी. मुलानं नवं घर बांधलं होतं आणि बैठकीत आई-बापाचा जोडीनं फोटो लावायचा होता. दोघं स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोरच्या लाकडी बाकावर बसले. नत्थूजी टोपी काढू की ठेवू विचारत राहिले. काकूंनी सवयीनं भागीरथाबाईंचं कपाळ पाहून घेतलं: मोठं, गडद, भुवयांच्या बरोबर मध्ये. मनातून मात्र त्यांनी ठरवलं होतं की हा आपल्या हातचा शेवटचा मोठा फोटो.

तो छापून, काचेच्या फ्रेममध्ये बसवून आला. भागीरथाबाई एकट्याच न्यायला आल्या. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला, आधी त्यातल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे, आणि काचेवर बोट ठेवलं.

"बाई, हे कुंकू माह्यं नोहे."

काकूंनी विचारलं, काय झालं.

"उभं हाय हे. तांदयाच्या दाण्यावानी. माह्यं गोल रायते. आरसा बी नाई लागत मले, आंधारात लावतो तरी गोल." मग त्यांना वाटलं असावं की आपण फार बोललो. "चेहऱ्याचं जाऊ द्या. म्हतारा माणूस सुकतेच. कुंकू कसं सुकन?"

काकूंनी फोटो ठेवून घेतला, पुन्हा करून देते म्हणाल्या. भागीरथाबाई गेल्यावर त्या बराच वेळ उभ्याच होत्या. चेहरा आपण चुकलो असू. डोळा गेला असेल तर गालाचं माप चुकेल, हनुवटीचं चुकेल. पण ते कुंकू त्यांनी पडद्यावर कड फिरवून फिरवून गोल केलं होतं. गोल झालं तेव्हाच हात थांबवला होता. गोल आणि उभं यातला फरक कळू नये इतका डोळा कोणाचा जातो?

त्या संगणकापुढे बसल्या. क्लासमध्ये शिकवलेलं त्यांना आठवलं की शिफ्टचं बटण दाबून धरलं तर वर्तुळ गोलच निघतं, हात कितीही हलला तरी. त्यांनी तसं एक वर्तुळ काढलं, मोठं केलं, आणि हातातली एक बांगडी उतरवून पडद्याला लावली. वरून खालून वर्तुळ बांगडीत बसलं. दोन्ही बाजूंनी मात्र बाहेर डोकावत राहिलं. त्यांनी बांगडी फिरवून पाहिली. दुसऱ्या हातातली काढून लावली. मग मुकेशभाऊंना हाक मारली आणि बांगडी तशीच धरून ठेवली, जणू सोडली तर ते दिसलेलं नाहीसं होईल.

"अजी, इकडे या. पाहा हे. गोल आहे काय?"

मुकेशभाऊंनी वाकून पाहिलं. "आडवं आहे," ते म्हणाले.

"मंग मी काऊन म्हणून राह्यली का माहा डोया गेला?"

प्रफुलला फोन लावला. तो कुठल्यातरी दुकानात होता, मागे गलका होता. त्यानं विचारलं ते काकू करत गेल्या. पडद्यावर मोकळ्या जागी उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीजमध्ये जा, सेटिंग्ज उघडा, रिझोल्यूशनच्या पट्टीखाली काय आकडा आहे? एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट, काकूंनी वाचलं. मॉनिटरच्या खोक्यावर काय लिहिलंय? खोकं माळ्यावर होतं, त्यात काकूंनी जुनी पांघरुणं भरली होती. मुकेशभाऊ स्टुलावर चढून वाचायला लागले: चौदाशे चाळीस बाय नऊशे.

प्रफुल म्हणाला की वहिनी, त्या काचेत तेवढेच ठिपके बसवलेले असतात, आडवे चौदाशे चाळीस आणि उभे नऊशे. संगणक कमी ठिपक्यांचं, जुन्या मॉनिटरच्या आकाराचं चित्र पाठवतो, आणि मॉनिटर ते ओढून स्वतःच्या रुंदीला पुरवतो. काकूंना ते चटकन समजलं. त्यांनी नंतर मला सांगितलं तेही त्यांच्याच शब्दांत. लहान गादीची खोळ लांब गादीवर ओढून बसवली की खोळीवरची फुलं ताणली जातात, तसं. फुलं ताणलेली बघून त्या रोज कात्री घेऊन फुलंच कापत बसल्या होत्या.

"पण तू असं ठेवलंस काऊन?" काकूंनी विचारलं.

"मुकेशभाऊ म्हणाले होते," प्रफुल म्हणाला. "वहिनीले चष्मा लागला, अक्षरं मोठी दिसली पाह्यजे. बरोबर आकडा लावला का अक्षरं बारीक होतात. म्हणून मी कमी केला."

काकूंनी फोन कानाला तसाच ठेवून मुकेशभाऊंकडे पाहिलं. ते अजून स्टुलावर होते, हातात एक पांघरूण. खाली उतरायची त्यांना घाई नव्हती.

"मले का मालूम," ते म्हणाले, "तुह्या अक्षराच्या पायी लोकायचे गाल ताणले जातीन."

काकूंना हसू आलं. महिन्याभरात त्या दुकानात कोणी तसं हसलं नव्हतं. त्यांनी पट्टी उजवीकडे सरकवली. पडदा एकदा काळा झाला आणि उजळला, तेव्हा बांगडीच्या आत वर्तुळ नीट बसत होतं, सगळीकडून सारखं. अक्षरं मात्र मुंगीएवढी झाली. प्रफुलनं तेही सांगितलं: त्याच चौकटीत अपिअरन्स म्हणून आहे, तिथे अक्षरांचा आकार वेगळा वाढवता येतो, चित्राला हात न लावता. ते केलं. मग काकूंनी भागीरथाबाईंचा मूळ फोटो उघडला.

मी त्या संध्याकाळी गेले तेव्हा त्या त्याच्यावरच बसल्या होत्या. नत्थूजींच्या गालाचं हाड, टोपीखालचे पांढरे केस, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी चेहऱ्यांना हातच लावला नाही. फक्त मेणावरचा पांढरा डाग भरला आणि कड फिरवली. चष्मा नाकावर घसरला होता. तो वर सरकवायलाही त्या थांबल्या नाहीत.

बिघडलेल्या अल्बमची माणसं एकेक करून बोलावली, फोटो बदलून दिले. ज्यांच्या घरच्या भिंतीवर ते लागले होते त्यांच्याकडे मुकेशभाऊ स्वतः स्कूटरनं गेले. वर्ध्याच्या मुलाचं काय झालं, असं काकूंनी एकदा जेवताना विचारलं.

"कोणता मुलगा?" मुकेशभाऊ म्हणाले. "मी कोणाले इचारलंच नाई."

नवा फोटो न्यायला भागीरथाबाई आणि नत्थूजी दोघंही आले. काकूंनी तो काउंटरवर उभा करून धरला. भागीरथाबाई जवळ गेल्या, मग दोन पावलं मागे आल्या. त्यांनी आपल्या कपाळाला एकदा बोट लावलं. बोटाला लागलेलं लाल पदराला पुसलं. तेवढ्यावर काकूंना कळलं.

नत्थूजी मात्र बाजूला पडलेला जुना फोटो उचलून बघत होते.

"बाई, हा बी देऊन टाका," ते म्हणाले. "ह्याच्यात मी कसा काटक दिसून राह्यलो. तिशीतल्यावानी."

"तिशीत बी असे नोहते हे," भागीरथाबाई म्हणाल्या. "म्या पाह्यलं हाय ना."

नत्थूजींनी काकूंकडे आशेनं पाहिलं. काकूंनी त्यांच्या हातातून फोटो अलगद काढून घेतला.

"काकाजी, हा तुमी नाई," त्या म्हणाल्या. "जो माणूसच नाई तो माह्या दुकानातून कसा देऊ?"

त्यांनी नवा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळी बांधली आणि भागीरथाबाईंच्या हातात दिला. नत्थूजी थोडे कुरकुरले. बाहेर भिडीची बस लागत होती, कंडक्टर दारातच उभा होता. भागीरथाबाई फोटो छातीशी धरून पुढे निघाल्या, आणि नत्थूजी, स्टुडिओच्या काचेत बघत आपला गाल एकदा चाचपून, त्यांच्या मागे.