आठ रेघांचं नाव

मला सांगायचं नसतं. पण माझी पोर दोह्यात, बिन महमूद भागात राहते, तिच्याकडे पाहुणे आले की जेवणं झाल्यावर ती म्हणणारच, "बाबा, ते अक्षराचं सांगा ना." चौथी शिकलेल्या माणसानं चिनी अक्षराचं सांगायचं! पण किस्से म्हणजे पेंटरच्या नखातला रंग. थिनरनं घासा, थोडा राहतोच.

नव्वदचं दशक सरत आलेलं. मी कतारमध्ये साइटवर पेंटर. हेल्मेटवर नावं लिहायची. स्टोअरकीपरनं तीन चिठ्ठ्या दिल्या, तिन्हींवर एकच चित्र: डावीकडे आडवी दांडी असलेली खिडकी, उजवीकडे पाय फुटलेली शिडी. 明. म्हटलं, एकाच माणसाची तीन हेल्मेटं.

आली तीन माणसं! चिनी फोरमन म्हणाला, मी मिंग. जपानी इंजिनियर म्हणाला, मी अकिरा. कोरियन वेल्डर म्हणाला, मी म्योंग.

"अरे, लिहिलंय एक, नि वाचताय तीन?"

अकिरा म्हणाला, "ते दोघं चुकीचं वाचतात." बाकीचे दोघंही तेच म्हणाले!

अकिरानं हेल्मेट परत आणलं. का? म्हणे, या नावात आठ रेघा, तू मारल्या दहा. मी खिडकी नि शिडी माझ्या पद्धतीनं, एकेक बाजू सुटी काढलेली. त्यानं मला हात चालवताना बघितलं होतं.

"दिसतंय तर तेच!"

"वडिलांनी रेघा मोजून नाव ठेवलंय," तो म्हणाला. "नशीब मोजून असतं."

पुसलं. पुन्हा आठ रेघांत काढलं. तो शेजारी उभा राहून बोटांवर रेघा मोजत होता!

म्योंगच्या हेल्मेटचा रंग उडाला, तेव्हा मी प्रेमानं लाल रंगात लिहून दिलं. आपल्याकडे शुभाचं सगळं लालच. तो पांढराफटक पडला. हेल्मेट हातात धरून उन्हात बोडका हिंडला. सेफ्टीवाला ओरडला तरी घालेना. शेवटी मिंगनं मला सांगितलं, "लाल रंगात मेलेल्याचं नाव लिहितात."

मी काळा डबा उघडला. म्योंग म्हणाला, "आता जिवंत. यल्ला, कामाला!"

मिंगला एकदा अर्थ विचारला. खिडकी म्हणजे सूर्य, शिडी म्हणजे चंद्र. दोघं शेजारी आले की उजेड.

म्हटलं, "आमच्याकडे एक आला की दुसरा जातो."

"म्हणून तर नावात एकत्र ठेवतात," तो म्हणाला. त्याची बायको चीनमध्ये, माझी गुहागरला.

त्याच महिन्यात मला मुलगी झाली. रजा दीड वर्षानं. म्हटलं, हात लागत नाही तर नाव तरी माझं लागू दे. पत्र्याच्या पाटीवर ते अक्षर काढलं, आठ रेघांत, काळ्या रंगात. सोबत चिठ्ठी: नाव प्रभा ठेवा. माझा रूममेट सदा रजेवर चालला होता, शेजारच्याच वाडीचा. त्याच्याकडे दिलं, नि दुकानातल्या फोनवर बायकोला सांगितलं, "नाव पाठवलंय. बारशाला थांबा." नाव फोनवर फोडलं नाही; म्हटलं, पाटीवरच बघू दे.

बारशाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली बिचारी. तो पठ्ठ्या मुंबईत उतरून आधी सासुरवाडीला गेला, आठ दिवस! शेवटी आत्यानं कानात सुरेखा सांगितलं. खलास. पाटी सोळाव्या दिवशी पोचली.

बायको फोनवर म्हणाली, "टाकणार कशी? तुमच्या हातची आहे. दारावर लावलीय. रोज दिवा लावला की पोरीला दाखवते, बघ गं, बाबांची पाटी."

दीड वर्षानं घरी गेलो. ट्रंक घेऊन तो रूममेटही आला होता. बायको पोरीला म्हणाली, "बघ गं, बाबा आले."

पोरीनं माझ्याकडे पाठ केली. धावत दाराशी गेली, पाटीकडे दोन्ही हात वर केले नि म्हणाली, "बाबा!"

ट्रंक घेऊन उभा असलेला तो फिदीफिदी हसला. पाटी उशिरा पोचवल्याची अजून माफी मागितलेली नाही त्यानं. सदानं.