माझ्या पाठीची गोष्ट

शाळेच्या डेप्युटी हेडनी पालकांचं पत्र मोठ्यानं वाचलं. समोर ते लिहिणाऱ्या मेधाताई बसल्या होत्या. हातात चहाचा कप, नजर खिडकीबाहेर.

"द कोच हॅज अ‍ॅडमिटेड दॅट शी हिड अ सीरियस इन्जरी अँड बोल्ड ऑन पेनकिलर्स."

गोळ्या खाऊन बोलिंग टाकली, हे मीच सांगितलं होतं. पण शाळेला नाही. मेधाताईंना, त्यांच्या किचनमध्ये बसून, मराठीत सांगितलं होतं. सांगताना रडले होते. तेच आता मोडून-तोडून, इंग्रजीत टाइप होऊन माझ्याविरुद्ध टेबलावर पडलं होतं.

पुढची ओळ अशी. "वी फील शी इज प्रोजेक्टिंग हर ओन फेल्युअर ऑन अवर डॉटर."

फेल्युअर म्हणजे मी.

मी लंडनच्या हाउन्सलोची. बाबा नागपूरहून आले, एअरपोर्टवर कार्गोत लागले. मी फास्ट बोलर झाले. बाविसाव्या वर्षी काउंटीचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं. पगार घेऊन क्रिकेट खेळणारी आमच्या घराण्यातली पहिली, मुलगा नाही, मुलगी. बाबा शिफ्टवर सगळ्यांना पेढे वाटून आले.

दुसऱ्या सीझनला कंबर दुखायला लागली. कॅप्टनला सांगितलं. ती म्हणाली, "एव्हरीबडीज सोअर, लव्ह." गोळ्यांची पट्टी दिली. मी गोळ्या खाऊन सीझनभर बोलिंग टाकली. टीममध्ये माझ्या रंगाची मी एकटीच, रडकी कशाला ठरू? शेवटी स्कॅन केला. मणक्याला दोन ठिकाणी फ्रॅक्चर. खेळ संपला.

मग क्लबनं एक कागद पुढे केला. दुखतंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, असं त्यात लिहिलेलं. कॅप्टन त्याच खोलीत होती. मी तिच्याकडे बघत राहिले, ती बुटांकडे बघत राहिली. सही केलीस तर चांगला रेफरन्स देऊ, म्हणाले. मी केली. त्याच रेफरन्सवर या प्रायव्हेट शाळेत कोच म्हणून लागले. त्या सहीची भाकरी मी तीन वर्षं खातेय.

मेधाताई पुण्याच्या, फायनान्समध्ये मोठ्या पदावर. त्यांची रेवा पंधरा वर्षांची, माझ्या टीमची सगळ्यात फास्ट बोलर. पहिल्या मॅचला बाउंड्रीवर भेटल्या. "अय्या, मराठी का तू?" मग आडनाव विचारलं. मग "मूळचे कुठले?" या प्रश्नाला नेमकं काय काढून घ्यायचं असतं ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी सरळ सांगितलं. एक क्षण थांबल्या, मग हसल्या. पुढच्या रविवारी घरी थालीपीठ खायला बोलावलं. "परकं समजू नकोस हं, आपलीच आहेस तू." मला ते खरं वाटलं. इतकी भूक होती मला त्या शब्दाची.

या एप्रिलमध्ये रेवाला बुटाची लेस बांधायला वाकता येईना. डाव्या बाजूला, कमरेच्या जरा वर. हात लावताच कळवळली. मी तिची बोलिंग त्याच दिवशी बंद केली. स्कॅन करा, म्हटलं. पण पुढच्या शनिवारी काउंटीचे सिलेक्टर येणार होते. मेधाताईंनी ओळखीच्या फिजिओकडून फोनवरच ओके मिळवला.

म्हणून मी त्यांच्या घरी गेले. गोळ्या, कॅप्टन, सही, सगळं सांगितलं. आईवडलांनाही जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मेधाताईंनी माझा हात हातात घेतला.

"अगं, तुझं वेगळं. तुमच्याकडे तेव्हा खाण्यापिण्याचे हालच असतील ना? हाडं भरणार कशी? रेवाला पहिल्यापासून दूध, बदाम, घरचं तूप. आमच्याकडची हाडं आहेत ती."

मी हसले. याची मला आजही लाज वाटते. माझ्या आईनं डबल शिफ्ट करून मला रोज अंडी-मटण खाऊ घातलं, आणि मी तिच्या कष्टांवर पाणी फिरवून त्या बाईसमोर दात काढले. त्यानंतर चार दिवसांनी पत्र आलं.

डेप्युटी हेडनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी खासगी गोष्टी सांगून पालकांना घाबरवलं, त्याबद्दल माफी. रेवाच्या फिटनेसचा निर्णय आता पालकांचा.

"जस्ट साइन इट अँड वी कॅन ऑल मूव्ह ऑन," त्या म्हणाल्या. नाही केली तर डिसिप्लिनरी, म्हणजे शिस्तभंगाची चौकशी.

मेधाताई पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, "करून टाक गं सही. तुझ्याच भल्यासाठी सांगतेय. असा जॉब तुला परत कोण देणार?"

तो प्रेमळ सूर ऐकला आणि माझ्या आत काहीतरी थंड झालं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. या बाईला तिची पोरसुद्धा दिसत नव्हती. तिला फक्त शनिवार दिसत होता.

"मेधाताई," मी म्हटलं, "रेवाला रात्री कुशीवर वळता येतं का? विचारलंत कधी?"

त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"इंग्लिश, प्लीज," डेप्युटी हेड म्हणाल्या.

मी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला इंग्रजीत लिहिलं. रेवाला कुठे दुखतं, मी कधी पाहिलं, स्कॅन कुणी टाळला. खाली माझं लिहिलं. मला गोळ्या कुणी दिल्या, खोटी सही कुणी घेतली. कॅप्टनचं नाव पूर्ण लिहिलं. मग सही केली, आडनावासकट.

"धिस इज नॉट व्हॉट वी आस्क्ड फॉर."

"आय नो."

सोमवारी डिसिप्लिनरी आहे. मेधाताईंचा फोन आला होता, मी उचलला नाही. आईबाबांना सगळं सांगितलं. आई म्हणाली, तेव्हा का नाही सांगितलंस?

नोकरी जायची असेल तर जाऊ दे. जे लिहिलंय ते मी मागे घेणार नाही, सोमवारी नाही, नंतरही नाही. आणि शनिवारी अजून मीच कोच आहे. सिलेक्टर येऊ देत, अख्खी शाळा येऊ दे. रेवाच्या हातात बॉल जाणार नाही. स्कॅन आणा, मग बोलू.