मेंढ्याने अंग झाडलं नाही

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी विशीत होतो. दोन वर्षं माझ्या शौचातून रक्त पडत होतं. हकिमाच्या पुडीने चार दिवस बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. आम्ही कुरुंद्याच्या माळावर मेंढरं राखणारी माणसं. अंगात ताकद नाही म्हटलं की मटणाचा रस्सा, हेच आमचं औषध. आई वाटी भरून पाजायची, मी पोट धरून लोळायचो आणि ती बिचारी पुन्हा वाटी भरायची. तिच्या मायेला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

शेवटी तिने म्हसोबाला मेंढ्याचा नवस बोलला. आमच्यात रीत अशी, की मेंढ्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं. त्याने अंग झाडलं की देवाला मान्य. मग ज्याच्यासाठी नवस, त्यानेच पहिला घास खायचा. मला देवाची भीती होतीच, पण त्या घासाची जास्त होती. खाल्ला तर जीव जाणार, टाकला तर देव कोपणार.

त्या सकाळी पाणी शिंपडलं. मेंढा उभाच. तांब्या रिकामा झाला तरी तो निवांत रवंथ करत राहिला. आई तिथेच रडायला बसली. देवाने मला टाकलं, असंच मला वाटलं.

शिरड शहापूरकडे निघालेली एक म्हातारी पाणी प्यायला थांबली होती. आईला म्हणाली, "काहून रडून राहिली, माय?" आईने माझं दुखणं, नवस सगळं सांगितलं. तशी म्हातारी म्हणाली, "माझ्या मालकाला असंच रगत पडायचं. पोराला भाताची पेज दे, मुगाचं कढण दे, उकडलेला दुधी दे. मटण न्हाई, दूध न्हाई, तिखट न्हाई."

"आन् देव कोपला तं?"

"त्यानंच तं मेंढा नको म्हटलं!"

पाणी पिऊन ती गेली. पुढे शिरडला पुष्कळ विचारलं, पण तिचा पत्ता लागला नाही.

मेंढा देवाच्या नावाने सोडला. मी पेजेचा घोट भीतभीत घ्यायचो. आई रोज म्हसोबापुढे माफी मागायची. महिना उलटला आणि एका सकाळी रक्त दिसलं नाही. मी बांधावर बसून लहान लेकरासारखा रडलो.

दुखणं मुळासकट गेलं, असं म्हणणार नाही. आजही जेवायला बसलो की आधी जरा भीती वाटते. मग तो उभा मेंढा आठवतो. एक जीव देऊन दुसरा मागायला गेलो होतो, देवाने दोन्ही घरी धाडले. तुझ्या मनासारखं होऊ दे, बाबा, असं म्हणतो आणि पेजेची वाटी तोंडाला लावतो.