भिंगारचा हापूस

आंब्याची पहिली फोड काका बशीतून काकूंपुढे सरकवायचे आणि मान माझ्याकडे वळवून विचारायचे, "काय म्हन्ती?" काकू समोरच बसलेल्या असत. त्यांना तोंड होतं आणि ते चांगलं स्पष्ट होतं. पण थेट उत्तर ऐकायची काकांची हिंमत नसे. दर मे महिन्यात मी आपला मधला माणूस.

भिंगारात आमची आणि त्यांची भिंत एकच. काका मूळचे पाथर्डीकडचे, लष्कराच्या भांडारात नोकरीला. काकू राजापूरकडच्या. त्यांचा भाऊ त्याच भांडारात होता, त्यातून सोयरीक जुळली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात काकू रडत बसल्या. आईची आठवण आली असेल म्हणून काकांनी विचारलं, तर म्हणे आंब्याची. काकांनी सासऱ्यांना शब्द देऊन टाकला, तुमच्या दारचा आंबा मी हिला भिंगारात खायला घालीन. आज काका-काकू दोघंही नाहीत. पण तो शब्द मला माझ्या स्वतःच्या लग्नातल्या शब्दांपेक्षा जास्त पाठ आहे.

सासुरवाडीहून हापूसचं कलम आलं, परसात लागलं, वाढलं. फळंही धरली, चांगली मोठी, पिवळीधमक. काकूंनी पहिली फोड तोंडात घोळवली आणि म्हणाल्या, "गोड आहे. पण आमच्याकडचा नव्हे." कोयीजवळ गर पांढरट, रबरासारखा झाला होता. त्याला साका म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. वासही भिंत ओलांडून आमच्याकडे येत नव्हता. मी मात्र उत्साहाच्या भरात "अस्सल देवगड!" म्हणून बसलो.

"तुमी गप बसा," काका म्हणाले. "तुमाला पपईसुदिक देवगडच लागंल."

यात खोटं काही नव्हतं.

दोष मातीवर गेला. आमची माती काळी, पावसात पाणी धरून बसणारी, उन्हात भेगाळणारी. तिकडची तांबडी, जांभ्या दगडाची, पाणी ठरू न देणारी. काकांनी सासुरवाडीची माती पोत्यांत भरून एसटीनं आणली. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय आहे? तर म्हणाले, "बायकूचं माहेर हाय." तरी लगेज लागलंच. झाडाभोवती चर खणून ती माती भरली. खणायला मीही होतो, म्हणजे फावड्याला टेकून उभा होतो.

पुढे साका कमी झाला. काकूंनी चव घेतली. सुधारलाय म्हणाल्या, पण तो नव्हेच. काका चिडले. कलम तुझ्या माहेरचं, माती तुझ्या माहेरची, मग अडलं कुठं? काकू सहज बोलून गेल्या, "समुद्राचा वारा कुठून आणाल?"

दुसऱ्या दिवसापासून काका फवारणीच्या पंपात मिठाचं पाणी भरून झाडावर मारू लागले. थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. काकू पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, झाडाचंच लोणचं घालताय का?"

काकाही हसले. पण पंप कोपऱ्यात ठेवताना माझ्याजवळ पुटपुटले, "एकदा तरी 'आमच्याकडचा' म्हनली पायजे वो." आंब्याचं त्यांना स्वतःला फारसं कौतुक नव्हतं. आपण हिला कुठून उचलून या फुफाट्यात आणून टाकलं, ही बोच होती, आणि ती त्या एका फोडीवर येऊन ठेपली होती.

मग एका उन्हाळ्यात काकूंच्या पोटाचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हटलं. त्याचा अर्थ कोणाला समजवावा लागला नाही. पाण्याचा घोटही उतरेना. झाडावरची पहिली दोन-चार फळं पिकली, तेव्हा काकांनी एक कापलं आणि चमच्याच्या टोकावर थोडा गर घेऊन काकूंच्या जिभेवर ठेवला. मी खाटेजवळच उभा होतो. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही. काकूंनाही नाही.

काकू डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "अहो, हा आमच्याकडचाच."

बशीतली एक फोड मी तोंडात टाकली. इतक्या वर्षांत माझीही जीभ थोडी शिकली होती. चव तीच होती, गेल्या वर्षीची, भिंगारची.

काका उठून परसात गेले. मी मागोमाग गेलो. झाडाकडे पाठ करून ते उभे होते.

"माझं मन राखाया बोलली," ते म्हणाले. "आंब्याबाबत ती कदी खोटं बोलली न्हाई. आता काय ती ऱ्हात न्हाई."

मी उगाच कोपऱ्यातलं फावडं उचलून भिंतीला टेकवलं.

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं, घसा साफ केला आणि दारातूनच मोठ्यानं, पैज जिंकल्यासारखं म्हणाले, "बघ, मी म्हनत नव्हतो? मातीला वळन लागाया टाइम लागतो. हरलीस का न्हाई?"

"हरले हो," काकू म्हणाल्या.

काका खाटेशी बसले आणि त्यांनी दुसरा आंबा कापायला घेतला.