यंत्रावरचे बावीस दिवस आणि माझ्याशी बोललेली माणसं

"तुमच्याच शरीराने तुमच्या नसांवर हल्ला केलाय," डॉक्टर म्हणाले. "याला गीयाँ-बारे सिंड्रोम म्हणतात. आम्ही जी.बी.एस. म्हणतो. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं."

"वर म्हणजे कुठपर्यंत?"

"छातीपर्यंत आलं तर श्वासासाठी यंत्र लावावं लागेल. बहुतेक लोक यातून उठतात. पण वेळ लागतो."

मी खाटेवर बसलो होतो आणि माझे पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते. बायको, सुलभा, भिंतीला टेकून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "किती वेळ?"

मी डिचोलीचा. माझे वडील दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले आणि इथलेच झाले. मी खनिजाचा टिप्पर चालवायचो, खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत. वय एकोणचाळीस. एका जागी दहा मिनिटं बसणं मला माहीत नव्हतं. त्याच्या पंधरवडा आधी जुलाब झाले, ते थांबले. मग तळपायांना मुंग्या आल्या. एका सकाळी गाड्यांच्या रांगेत उभा असताना मी क्लच दाबला, निदान मला तसं वाटलं. खाली बघितलं तर पाय होता तिथेच होता. मागच्या गाडीवाल्याने मला उचलून खाली उतरवलं.

मोठ्या इस्पितळात लंबर पंक्चर झालं, म्हणजे पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून पाणी काढतात. ते फार दुखत नाही, पण हलू नका म्हणतात, आणि मला तेच जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी हात गेले. तिसऱ्या दिवशी आवाज इतका बारीक झाला की सुलभाला माझ्या तोंडाशी कान लावावा लागायचा. मी तिला म्हणालो, "माका घराक घेऊन चल." दुपारी मला व्हेंटिलेटरवर घातलं. घशातून नळी गेली आणि बोलणं बंद झालं.

इथून पुढचं मी मुद्दाम लिहितो, कारण हा आजार ज्यांच्या घरात येईल त्यांना हे कुणी सांगत नाही. जी.बी.एस.मध्ये माणूस हलत नाही, पण त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. आणि दुखतं. पायावर चादर पडली तरी भाजल्यासारखं व्हायचं. लोकांना वाटतं, अंग लुळं पडलंय म्हणजे बधिरही झालंय.

प्लाझ्मा एक्सचेंज सुरू झालं. रक्त बाहेर काढायचं, त्यातला पातळ भाग बदलायचा आणि परत आत सोडायचं. उपचार चोख होते, त्यांत मी दोष काढणार नाही. पण सकाळच्या फेरीला डॉक्टर मंडळी पायथ्याशी उभी राहून माझ्याबद्दल बोलायची. एकदा त्यांतला एक तरुण म्हणाला, "हा आठवडा काढला तर बघू." मी त्याच्याकडेच बघत होतो. तो कागदाकडे बघत होता.

अंग वळवायला एक पन्नाशीचा मदतनीस यायचा. न बोलता एक हात पाठीखाली, एक मांडीखाली, आणि उलटा. दर वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो आला की माझी नाडी धावायची, यंत्र ओरडायचं, मग गुंगीचं औषध द्यायचे. गुंगी उतरली की पुन्हा तेच. डोक्यात मी सतत टिप्पर चालवत असायचो. वळण, चढ, धक्का, परत. गाडी कधीच थांबत नव्हती.

बहुधा पाचव्या दिवशी सिस्टर इनासिन कामावर आल्या. सासष्टीकडच्या, चाळिशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या माझ्या तोंडासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "बाब, हांव इनासिन. आतां तुज्या गळ्यांतलें उदक काडटां. खोंकली येतली. तीन मेरेन मेजतां, मागीर सोंपलें." आणि खरंच तीनपर्यंत मोजलं. एक, दोन, तीन. तिनाला घाण ओढायची नळी बाहेर.

काम तेच होतं. आधीही दिवसातून दहा वेळा घशातली घाण तशीच ओढून काढायचे आणि दर वेळी मला वाटायचं की आता मेलो. त्या दिवशी वाटलं नाही, कारण ते किती वेळ चालणार हे मला ठाऊक होतं.

मी मराठीच्या बाजूचा माणूस. इथलं वेगळं राज्य झाल्यावरही आमच्या चहाच्या दुकानात मराठी की कोंकणी हा वाद पेटायचा आणि आवाज चढवणाऱ्यांत मी पुढे असायचो. आता मी सिस्टरच्या कोंकणीची वाट बघत पडलो होतो.

दुखत असेल तर डोळे वर कर, नसेल तर खाली, असं सिस्टरनी मला शिकवलं. मी डोळे वर केले आणि खाली आणलेच नाहीत. त्यांनी चादर पायांवरून उचलून खाटेच्या दांड्यावर टाकली. मग बाहेर जाऊन सुलभाला हे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी तो मदतनीस मला वळवायला आला तेव्हा सुलभा आतच होती. ती भांडली नाही. म्हणाली, "दादा, तेंका सगळा आयकाक येता. दुखतासुद्धा. फक्त हलूक जमना नाय."

तो थबकला. "होय? माका कोणी सांगूक नाय."

मग माझ्याकडे बघून, जरा लाजत, म्हणाला, "उचलतंय हां आता." त्या दिवसापासून तो रोज सांगून उचलायचा. दुखायचं थांबलं नाही, पण काजवे गेले. त्याच्यावर किती खाटांचा भार होता हे मला नंतर कळलं. माझ्या मनात त्याच्याविषयी किती कडवटपणा साचला होता, त्याची मला आज लाज वाटते.

दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी तिथून घातली, त्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. पुढच्या आठवड्यात यंत्र सोडवायचे प्रयत्न सुरू झाले. पाच मिनिटं यंत्र बंद, आपला आपण श्वास घ्यायचा. दोनदा मी हरलो. छातीत ताकद आली होती, असं कागद सांगत होते. पण यंत्र बंद झालं की मला कुणी विहिरीत सोडून गेल्यासारखं वाटायचं.

तिसऱ्या वेळी विभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई स्वतः आल्या. स्टूल ओढून शेजारी बसल्या. "मला कुठे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही डोळे वर केलेत की त्याच क्षणी यंत्र लावते. हरलात असं कुणी म्हणणार नाही."

मी डोळे खालीच ठेवले. पाच मिनिटं, दहा, वीस. त्यांना बाहेरून दोनदा बोलावणं आलं, त्या उठल्या नाहीत. चाळीस मिनिटांनी मला घाम फुटला आणि मी डोळे वर केले. त्यांनी लगेच यंत्र लावलं. तीन दिवसांनी ते कायमचं सुटलं. बावीस दिवस झाले होते.

घरी जाताना एक छापील कागद मिळाला. सेवा समाधानकारक होती का, होय किंवा नाही. बोटांत पेन धरवत नव्हतं, म्हणून सुलभाने लिहिलं. 'होय'वर खूण केल्यावर तिने विचारलं, "आणखी काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, औषधाने जगलो. पण इथे पुन्हा यायला भीती वाटत नाही, ती काही माणसांमुळे." तेवढी जागा त्या कागदावर नव्हती. तिने मागच्या बाजूला लिहिलं.

चालायला पाच महिने लागले. उजवं पाऊल अजून ओढतं. टिप्पर सुटला. आता खाणीच्या काट्यावर बसतो, गाड्यांचं वजन घेतो.

वर्षभराने तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी विचारलं, "वाळपईचा एक माणूस आहे. तुमचाच आजार, बारावा दिवस. यंत्राशी झुंजतोय. भेटाल?"

त्या खोलीत पुन्हा पाय ठेवायला मला नको होतं, हे खरं सांगतो. दारात त्याची बायको उभी होती. मी आत गेलो. तिशीचा माणूस, डोळे छताला. मी त्याच्या तोंडासमोर वाकलो.

"आज बुधवार," मी म्हटलं. "सकाळचे अकरा वाजलेत. माझं नाव गुरुदास. डिचोलीचा. माका हाच आजार झाल्लो."

त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर आली. गळ्यावरच्या खुणेवर थांबली. मग खाली गेली, खाटेच्या कडेला अडली आणि पुन्हा माझ्याकडे आली. त्याला काय बघायचंय ते मला कळलं.

मी चार पावलं मागे सरलो, त्याला दिसेल असा. आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पाऊल ओढत, तिथल्या सिस्टर बाहेर जायला सांगेपर्यंत चालत राहिलो.