नखाएवढं मुखपृष्ठ

मोबाईलवर गेमच्या दुकानाचं पान उघडलं आणि मला शिसारी आली. नखाएवढ्या चित्रांच्या रांगा, आणि जवळजवळ प्रत्येकात कुणीतरी तोंड फाडून ओरडतंय. त्यातलं एक तोंड मीच काढलेलं होतं.

वृंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिने तीन वर्षं एकटीने खपून मिठागरात राबणाऱ्या बाईवर गेम बनवला. त्याचं मुखपृष्ठ, म्हणजे दुकानात दिसणारं चित्र, मी आधी साधंच केलं होतं: पांढरं मिठागर आणि पाठमोरी बाई. गेमची जाहिरात करणारे म्हणाले, "लहान आकारात काहीच कळत नाही. चेहरा टाका, किंचाळणारा." मी टाकला.

वृंदाने ते पाहून विचारलं, "ही कोण गं? माझ्या गेममध्ये कुणीच ओरडत नाही."

बाजारात ओरडावं लागतं, हे खरं. पण भाजीवालीसुद्धा टोपलीत असलेल्याच भाजीचं नाव घेते.

मी ते चित्र काढून टाकलं. मग मिठागरातल्या बाईची मिठाने चिरलेली दोन पावलंच चौकटभर रंगवली. ती नखाएवढ्या आकारातही ठसठशीत दिसतात. वृंदा खूश आहे. मला मात्र अजून स्वतःचीच शिसारी येते, कारण ते खोटं तोंड रंगवताना माझा हात एकदाही अडखळला नव्हता.