मामीची सीट, लामत्याचा रस्ता

नागपूरहून निघताना माझ्या पिशवीत दोन कपडे, एक मल्टिमीटर आणि आपल्या पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रकाचा मथळा मीच लिहिलेला: ‘वस्तू आमची, दुरुस्तीही आमचीच. मिस्त्रीची वाट पाहू नका, पाना हातात घ्या!’ ते वाचून तुमच्यापैकी पुष्कळांनी घरचे मिक्सर उघडलेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून बालाघाटला काय झालं ते आधी तुम्हालाच सांगते.

तुमसर गेलं, वारासिवनी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या गंजी. बसमध्ये माझ्या मागे दोन बाया मराठीत भांडत होत्या आणि मध्येच थांबून आपापल्या पोरांना हिंदीत दटावत होत्या. वैनगंगेचा पूल ओलांडला, तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. स्टँडवर मामा स्कूटर घेऊन उभा. मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय. सगळ्या गोष्टी लेखी मागायची सवय अजून गेलेली नाही.

“पत्रकं आणलीस, अवजारं आणलीस का?” एवढंच विचारलं.

गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. लांब, काळी, परदेशी, चौथ्या हाताची. शेजारीपाजारी हसतात, म्हातारपणी मामाला साहेबी सुचली म्हणून. हसणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. दोन वर्षांपूर्वी मामी न्हाणीघरात पडली आणि पाठीचा मणका दबला. बसमध्ये दहा मिनिटांत तिच्या डोळ्यांत पाणी येतं. या गाडीची सीट वर होते, खाली होते, कमरेला हव्या त्या जागी आधार देते. मामी तासभर बसू शकते अशी अख्ख्या बालाघाटात ही एकच जागा. मामाने गाडी घेतली नाही, सीट घेतली.

दिवाळीच्या सुमारास रेडिएटरचा पंखा बंद पडला, आणि त्याच आठवड्यात लामत्याला मामीच्या मोठ्या बहिणीला अर्धांगवायू झाला. तिला बोलता येत नाही, फोनचा उपयोग नाही. तेव्हापासून मामीने बहिणीचं तोंड पाहिलेलं नाही.

मामाने माझ्यासमोर कंपनीला फोन लावला.

“सर, पंख्याचा पूरा सेट बदलावा लागेल,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “पण तो सेट आता येत नाही. वैसे, आपने हमारा नया मॉडल देखा है?”

माझ्या डोक्यात सणक गेली. पंखा बिघडला तर गाडी बदला! उद्या म्हणतील, मणका दबला तर बायको बदला.

सकाळी मामीने चीले (तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी) आणि टोमॅटोची चटणी खाऊ घातली. मग मी बाह्या सरसावल्या. चार बोल्ट, दोन क्लिपा, आणि पंखा मोटरसकट हातात. एवढ्यासाठी म्हणे गाडी बदलायची होती!

मोटर घेऊन आम्ही बिसेन मिस्त्रीकडे गेलो. त्यांचं दुकान पंपाच्या जळलेल्या मोटरी नव्या तारेने भरून देण्याचं. राइस मिलवाल्यांची अर्धी कामं तिथेच होतात. त्यांनी दोन वायरी बॅटरीला टेकवल्या आणि मोटर भणाणली.

“मोटर तर बढिया आहे म्यॅडम. वरचा हा डब्बा जळला. हा पंख्याले सांगते, कधी फिरायचं ते.”

डबा काडेपेटीएवढा. काडेपेटीएवढा डबा जळला, तर चांगली मोटर, चांगली पाती, चांगली चौकट, सगळं भंगारात घाला! आणि डबा सुटा विकायचा नाही, कारण सुटा विकला तर लोक गाडी चालवत राहतील ना. ही चोरी आहे. कागदावर पावती मिळते म्हणून हिला धंदा म्हणतात.

डब्याच्या जागी लावायला बिसेन मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या दिव्यांचा जाड रिले (विजेवर चालणारा खटका), फ्यूज आणि एक बटण काढून दिलं. “मी येऊन लावून देतो, अर्ध्या घंट्याचं काम आहे.”

“नको, मी करते,” मी म्हटलं. पत्रकात तसंच छापलं होतं ना.

“करा. पण लावल्यावर समोर कागद धरून पाहाजा. हवा कोणीकडं जाते ते समजते.”

“पंखा फिरला म्हणजे झालं,” मी म्हटलं. हे वाक्य नीट वाचून ठेवा.

दिवेलागणीच्या आत मी बटण दाबलं आणि पंखा विमानासारखा गरजला. मामाने टाळ्या वाजवल्या. मी व्हिडिओ काढला.

दुसऱ्या दिवशी निघालो. मामी सीटवर महाराणीसारखी, मांडीवर बहिणीसाठी घेतलेली मऊ साडी. गाव सुटलं, सागाचं जंगल लागलं, मामी प्रत्येक वळणावर कोणाचं शेत, कोणाचं सासर ते सांगत होती. इंजिनाच्या तापमानाचा काटा थोडा वर होता. नवं काम आहे, बसेल जागेवर, असं मी म्हटलं.

लामत्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद. पुढे धानाचे ट्रॅक्टर, मोटरसायकली. पाच मिनिटं झाली, दहा झाली आणि काटा सरळ लाल पट्टीकडे निघाला. मी गाडीतलं हीटर पूर्ण सोडलं. इंजिनाची उष्णता तेवढीच आत येते.

“बरं वाटून राह्यलं थंडीत,” मामी म्हणाली. पण काटा थांबेना. मामाने इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर गोडसर वाफेचा वास. पंखा मात्र जोरात फिरत होता.

“किती राह्यलं लामता?” मामीने विचारलं.

“चार किलोमीटर,” मामा म्हणाला. “परत जाऊ. गाडी निवाली की हळूहळू घरी नेऊ.”

“मी परत नाही जात. उतरवा मले. चालतो मी.”

ती चालू शकत नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं, कारण तिच्याकडे पाहवेना.

रस्त्यालगतच्या खळ्यात एक बाई वाऱ्यावर धान उफणत होती. सूप घेऊन तशीच आली. “काहून थांबली जी गाडी?”

“गरम झाली. पंखा चालू आहे, तरी,” मी म्हटलं.

उघड्या खिडकीतून मामीचा आवाज आला. “चालू असून गरम? रंजू, तो पंखा हवा ओढते का फेकते?”

मग मामी त्या बाईकडे वळली.

“बाई, मूठभर फोल टाक वं त्याच्यापुढं.”

त्या बाईने सुपातलं फोल (धानाची पोकळ टरफलं) गाडीच्या पुढच्या जाळीसमोर उधळलं. जाळीकडे जायचं सोडून ते सगळं माझ्या तोंडावर आलं. केसांत, नाकात, दातांत.

“एवढी मोठी गाडी अन पंखा उलटा!” बाई सूप पोटाशी धरून हसायला लागली.

“धा वर्साची होती तवापासून उफणते मी,” मामी म्हणाली. “वारा कोणीकडून हाय ते पाह्यल्याबगर आमच्यात कोनी सूप उचलत नाही. अन हे शिकलेली पोरगी!”

दोन वायरी. बाकी काही नाही. त्या मी उलट जोडल्या होत्या. समोरून वारा ओढून घ्यायचा सोडून पंखा त्याच्याशीच भांडत होता. टेप सोडली, वायरी बदलल्या, बटण दाबलं. बाईने दुसरी मूठ टाकली. फोल सप्पकन जाळीला जाऊन चिकटलं.

“हौ. आता लागला,” ती म्हणाली आणि खळ्याकडे वळली.

रेल्वे गेली, फाटक उघडलं. इंजिन सुरू केल्यावर काटा अर्ध्यावर आला आणि लामत्यापर्यंत तिथेच राहिला.

मामीची बहीण खाटेवर होती. मामी तिच्या उशाशी बसली. मग बहिणीने चांगला हात उचलला, मामीच्या खांद्यावर खिडकीतून येऊन पडलेलं एक टरफल चिमटीत धरलं आणि ते पाहत राहिली. तोंडाच्या अर्ध्या बाजूने हसली. खाणाखुणांनी विचारलं, खळ्यावरून आलीस काय? मामीने मान हलवली आणि मग ती रडली.

परतीच्या बसमध्ये मी पत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेतला. कंपनीवरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही. तो डबा सुटा मिळालाच पाहिजे, त्यासाठी आपण दारात जाऊन बसणार आहोत. पण ‘मिस्त्रीची वाट पाहू नका’ ही ओळ मी एकेका पत्रकावर पेनने खोडली. वर लिहिलं: ‘मिस्त्री सांगेल ते ऐका.’ तुमसर येईपर्यंत बोटं दुखायला लागली.

रविवारी फोन वाजला. मामा असेल म्हणून घेतला, तर मागे पंख्याची गरगर आणि मामीचा आवाज.

“निघून राह्यलो लामत्याले. मूठभर फोल टाकून पाह्यलं आधी. तू नोको काळजी करू.”